ई-माउंटन बाईकला "स्पेशल" पार्ट खरंच लागतात का? दापोली-मुरुड रस्त्यावर दोन पावसाळे काढल्यावर

मी मुरुडचा, म्हणजे दापोलीजवळचं मुरुड, जंजिऱ्याचं नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस सायकलने आसूदवरून दापोली गाठतो आणि सुट्टीला सड्यावरच्या जांभ्याच्या वाटा. ई-एमटीबी, म्हणजे मोटरवाली माउंटन बाईक, सेकंडहँड घेतली पुण्यातल्या एकाकडून, मोटर शिमानोची ईपी-८, क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यांपाशी बसवलेली, ८५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), सायकलचं वजन २४ किलो. घेतली तेव्हापासून प्रत्येकजण एकच सांगत होता, बाबा याला सगळं ई-बाईकचं वेगळं सामान लागतं, साधं चालत नाही. त्या नादात मी बरेच पैसे घातलेत, म्हणून सविस्तर लिहितोय, कोणाचे तरी वाचतील.

आधी चेन, कारण सगळ्यात जास्त खर्च तिथेच होतो. मूळची चेन पहिल्याच पावसात ९०० किलोमीटरला गेली, चेनची झीज मोजायचा गेज टाकला तर ०.५ टक्क्याच्या पुढे ताणलेली. मग शहरातल्या एका मोठ्या दुकानातून "ई-बाईक स्पेशल" लिहिलेली चेन आणली, साध्या चेनच्या जवळजवळ दुप्पट किंमत, आणि ती किती टिकली तर हजार किलोमीटर. मला मनापासून वाईट वाटलं, कारण दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं की तिप्पट चालेल. त्यानंतर चांगल्या कंपनीची साधी ११ स्पीडची चेन टाकली, पण या वेळी प्रत्येक राइडनंतर फडक्याने पुसायची आणि आठवड्याला धुवून, पूर्ण सुकवून मगच तेल, एवढं मात्र चुकवलं नाही. तीपण भर पावसाळ्यात वापरलेली आणि १४०० गेली.

असं का होतं ते बघा. ७५ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पूर्ण वजन टाकून उभा राहिला की त्या क्षणाला साधारण १२५ न्यूटन मीटर टॉर्क पायानेच निघतो, म्हणजे मोटरच्या ८५ पेक्षा जास्त. दोन्ही मिळून २१०. पुढे ३४ दातांची रिंग असेल तर चेनवर तीनशे किलोच्या आसपास ओढ येते, आणि साधी चांगली चेन सरळ ओढीत आठशे किलोच्या आत तुटत नाही. म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे झिजेचा, कारण आपण पूर्ण वजन टाकून क्षणभरच उभे राहतो पण मोटर सगळा चढ ढकलत राहते, आणि त्यात जांभ्याची लाल माती पाण्यात कालवून चेनमध्ये गेली की ती कानस मारल्यासारखी पिना खाते. चेन तुटते ती बहुतेक वेळा जोर लावलेला असताना गिअर टाकल्यावर, कारण तेव्हा ती तिरकी होते आणि सगळा भार एका बाजूच्या पट्टीवर येतो. गिअर टाकताना अर्धा सेकंद पाय हलका करा, मोटरपण लगेच हलकी होते. ही सवय लागल्यापासून खडखडाट गेला.

कॅसेटचं, म्हणजे मागच्या दातेरी चाकांच्या संचाचं मात्र उलट आहे, तिथे मी पैसे घातले आणि समाधानी आहे. मागची बारीक तीन चाकं झिजून चेन घसरायला लागली तेव्हा शिमानोचं लिंकग्लाइड बसवलं, दात जाड आणि आकार वेगळा, कंपनी म्हणते त्यांच्याच नेहमीच्या हायपरग्लाइडच्या तिप्पट टिकतं. तिप्पट की नाही ते मला अजून कळायचंय पण २६०० किलोमीटर झाले, दात शाबूत आहेत आणि भाराखाली गिअर एकदम गुळगुळीत पडतो. वजनाला जड आहे, पण २४ किलोच्या सायकलवर ते कोण मोजणार. मुख्य म्हणजे हे फक्त ई-बाईकसाठी नाहीच, साध्या सायकलींनाही येतं, माझ्या जुन्या हबवर तसंच बसलं आणि चेनही साधीच चालते. फक्त शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लिंकग्लाइडचाच घ्यावा लागतो, जुन्याबरोबर जुळत नाही, हे आधी विचारून घ्या.

ब्रेकबद्दल वाद नको, चांगलेच हवेत. आसूदच्या उतारावर पावसात माझे रेझिनचे पॅड दीड महिन्यात पत्र्यापर्यंत आले, पोटात गोळा आला होता त्या दिवशी. आता मेटल पॅड, चार पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), २०३ मिलिमीटरची डिस्क. पण हेही ई-बाईकचं खास नव्हे. साधी एमटीबी १३ किलोची धरली तर माझ्या सायकलचं जास्तीचं वजन ११ किलो, म्हणजे माझ्यापेक्षा ११ किलो जड माणसाला साध्या सायकलवर जे ब्रेक लागतील तेच मला लागतात. मेटल पॅड घेताना डिस्कवर काय छापलंय ते वाचा, स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं लिहिलेलं असतं, त्यावर मेटल घातले तर डिस्कच खातात.

मागचं चाक हा खरा वेगळा पार्ट. फ्रीहब म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो हबचा भाग, तो अ‍ॅल्युमिनियमचा असला की सुट्या चाकांचे आतले दात त्यात रुतून खाचा पडतात, मोटरने ते लवकर होतं, म्हणून डीटी स्विस कंपनीच्या ई-बाईकसाठीच्या हायब्रिड हबमध्ये फ्रीहब स्टीलचा देतात. ते मला पटतं. क्रँक आखूड असतात, १६५ किंवा १६० चे, त्यालाही कारण आहे, खडकाळ चढावर पेडल सतत फिरवत ठेवावं लागतं आणि लांब क्रँक असला की पेडल दगडाला आपटतं. पण हँडल, सीट, सीटपोस्ट, ग्रिप यांच्यावर "ई" छापून जास्त पैसे घेतात ते नका देऊ.

आणि मोटर कुठे आहे ते आधी बघा. शेजारच्या काकांची २५० वॅटची हब मोटरवाली आहे, तिच्यात मोटर थेट मागचं चाक फिरवते, चेनवर फक्त काकांच्या पायाचा जोर, तिला कसली स्पेशल चेन? तिथे लागतो तो टॉर्क वॉशर, कारण मोटरचा अ‍ॅक्सल उलटा फिरून खाचेतून निसटू बघतो. काकांचा नट एकदा ढिला झाला होता, तेव्हापासून १८ नंबरचा पाना पिशवीत ठेवायला सांगितलंय.

आपल्याकडे मोटरपेक्षा जास्त नुकसान खारं वारं करतं हे मात्र कुठल्या जाहिरातीत नसतं. हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी सायकल तासभर उभी केली तरी दुसऱ्या दिवशी बोल्टांवर तांबूस डाग. बॅटरीच्या कनेक्टरला डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, बोल्ट स्टेनलेसचे, आणि प्रेशर पंपाने धुणं बंद, पाणी मोटरच्या सीलमधून आत जातं. गोड्या पाण्याची बादली नि फडकं पुरतं.

आगोटीच्या आधी मी दोन साध्या चेन आणि मेटल पॅडचे तीन जोड मागवून ठेवलेत, मागच्या हबची बेअरिंग तेवढी राहिली आहेत.