सांता बार्बरा काउंटी कोर्टहाउस: टॉवरवरून फोटो काढून पळू नका, टूर घ्या

कॅलिफोर्नियात सांता बार्बराला गेलेले आपले बहुतेक लोक बीच आणि मिशन (स्पॅनिश पाद्र्यांचं जुनं चर्च) बघतात, कोर्टहाउसच्या टॉवरवर चढून चार फोटो काढतात की झालं. तिथे व्हॉलंटियर गाइडची फुकट टूर असते, ती घ्याच, कारण इतिहास माहीत नसेल तर कोर्टहाउस म्हणजे नुसती एक देखणी पांढरी बिल्डिंग वाटते.

मुळात ही काही काउंटीची (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) पहिली कोर्ट नाही. आधी इथे १८७२ची ग्रीक स्टाइलची कोर्ट होती. २९ जून १९२५ला सकाळी भूकंप झाला, अर्धं डाउनटाउन बसलं आणि ती जुनी कोर्टही खिळखिळी झाली. मग शहरानेच ठरवलं की आता जे बांधायचं ते स्पॅनिश वळणाचं, पांढऱ्या भिंती, लाल कौलं, आणि त्याच धडाक्यात १९२९ला हे कोर्टहाउस उभं राहिलं. आर्किटेक्ट विल्यम मूझर. आता गंमत बघा, मागे जो खोलगट बगिचा आहे ना, जिथे लोक लग्नाचे फोटो काढत असतात, तिथेच ती जुनी कोर्ट उभी होती. म्हणून माझं ऐका, टूरच्या आधी त्या हिरवळीवर एक चक्कर मारा, मग आत जा.

आत ट्युनिशियन टाइल्स, रंगवलेली लाकडी छतं, जिन्याची प्रत्येक पायरी बघत बसावी अशी. म्युरल रूम मूळची बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्सची, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, सभेची खोली. चारी भिंतींवर चित्रकार डॅनियल ग्रोसबेकने काउंटीचा इतिहास रंगवलाय, हा माणूस हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक सेसिल बी. डिमिलसाठी काम करायचा आणि ते लगेच कळतं, सगळं कसं सिनेमाच्या फ्रेमसारखं भव्य. १५४२ला स्पेनसाठी निघालेला दर्यावर्दी काब्रियो किनाऱ्याला लागतो, पुढे मिशन बांधलं जातं वगैरे. पण इथले मूळ लोक चुमाश, त्यांच्या वाट्याला पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि कामाला जुंपून घ्यायचं एवढंच आलंय. गाइडला यावर विचारा, स्वतःहून फारसं बोलत नाहीत. चांगला गाइड भेटला तर मजा, नाहीतर तारखांची यादी ऐकावी लागते, हा जुगार आहेच.

टॉवर ८५ फुटी, नाव एल मिरादोर, लिफ्ट आहे, त्यामुळे आईबाबांना घेऊन जायला हरकत नाही. वर जाताना घड्याळाची खोली चुकवू नका, १९२९चं सेथ थॉमस कंपनीचं यंत्र काचेतून चालताना दिसतं, मुलं हलत नाहीत तिथून.

एक लक्षात ठेवा, ही अजून चालू कोर्ट आहे. खटले सुरू असतात, म्हणून कोर्टरूम बंद मिळू शकते आणि कॉरिडॉरमध्ये आवाज जरा हळू ठेवा. म्युरल रूमही कधीकधी कामासाठी बंद असते, तेव्हा टूरच्या वेळा आधी बघून निघा. ऑगस्टमध्ये फिएस्टा, म्हणजे इथला स्पॅनिश धाटणीचा उत्सव, असतो तेव्हा बगिच्यात नाच-गाणी आणि तुडुंब गर्दी, बिल्डिंग निवांत बघायची असेल तर तो आठवडा टाळा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गाइडच्या जुगारासाठी कापला.