नॅन्सी अदजानिया यांची क्युरेटरगिरी: एका ठाणेकराचं मत

नाटकाला जाताना दिग्दर्शक कोण ते बघतो, तसं चित्रप्रदर्शनाला जाताना मी क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून प्रदर्शन मांडणारा, कोण ते बघतो. नाव नॅन्सी अदजानियांचं असेल तर ठाण्याहून उभ्याने लोकलचा प्रवास करायचीही तयारी असते.

2019 च्या अखेरीस मुंबईतल्या रीगल सिनेमाजवळच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) त्यांनी सुधीर पटवर्धनांच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन मांडलं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी'. पटवर्धन आमच्या ठाण्याचे. 1975 ते 2005 इथे रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली आणि जोडीने चित्रं काढली. अशा मोठ्या चित्रकाराची गाजलेली चित्रं ओळीने लावली तरी गर्दी होतेच. बाईंनी रेखाटनांनाही मानाची जागा दिली, त्यामुळे हात कसा घडत गेला ते कळलं. 1977 च्या 'इराणी रेस्टॉरंट'मध्ये माणूस इतका जवळ की त्याच्या समोरच्या खुर्चीत आपणच बसलोय असं वाटतं. 2001 च्या 'लोअर परळ'पर्यंत शहर एवढं पसरतं की माणसाला त्यात हुडकावं लागतं. एनजीएमएच्या अर्धगोल गॅलऱ्या चढत घुमटापर्यंत जाताना हा बदल पायांनाही जाणवतो. (गुडघे दुखत असतील त्यांनी मधे बसावं, घाई नको.)

बाई कुठल्या गॅलरीच्या नोकरीत नाहीत, आणि कामाआधीचा त्यांचा अभ्यास दांडगा. कलावंत नवजोत अल्ताफ यांच्यावर 2016 मध्ये आधी अख्खं पुस्तक लिहिलं, मग 2018 मध्ये याच इमारतीत त्यांचं प्रदर्शन केलं. उद्घाटनाच्या आदल्या रात्री कॅटलॉगसाठी दोन पानं खरडणारे क्युरेटर कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. दक्षिण कोरियात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ग्वांगजू बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या 2012 च्या सहा संचालिकांपैकी त्या एक होत्या, पण मला जास्त मोल आहे ते या मुंबईतल्या कामाचं.

तक्रार एकच, त्यांचं गद्य. मुद्दा पक्का असतो, पण इंग्रजी जड आणि वाक्यं लांबलचक. एकेक परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. गिरणगावातली आणि लोकलमधली जी माणसं या चित्रांत आहेत, त्यांच्यातल्या कितीजणांना ते झेपेल? असं लेखन सोप्या मराठीतही यायला हवं, आणि ते करणारा कुणी सोबत घ्यायला हवा.

तरीही त्यांचं पुढचं प्रदर्शन लागलं की जा. रविवार टाळा, निम्मा दिवस हाताशी ठेवा. आधी चित्रं बघा, मजकूर नंतर.