लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही, बिलात मात्र 'रिस्टोअर डीव्हीडी'

लातूरच्या मोंढ्यात आमची आडत. सोयाबीनची आवक जोरात असताना हिशेबाचा लॅपटॉप 'ऑटोमॅटिक रिपेअर'वर अडकला. बंद करा, चालू करा, पुन्हा तेच. इकडं शेतकरी पट्टीसाठी बसलेले. बाजारातल्या एका दुकानात नेला, तर तिथल्या पोरानं दोन बटणं दाबून निकाल दिला, "रिकव्हरी उडालीय काका. कंपनीची ओरिजनल रिस्टोअर डीव्हीडी टाकावी लागंल." डीव्हीडीचे 2,200, मजुरी 500.

मशीन सुरू होऊन आलं. जुनं सगळं पुसलेलं. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून निभावलं. सोबत एक पांढरी डीव्हीडी, मार्करनं 'विन 11 ओरिजनल' लिहिलेली. अंगठा फिरवला की अक्षरं पसरायची. डीव्हीडीवर छापलंय 4.7 जीबी, आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज 11 ची फाइल 5 जीबीच्या वर! शिवाय आमच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नाही. "बाहेरून ड्राइव्ह जोडला होता," म्हणे.

दिवाळीत भाचा आला, त्यानं सेटिंग्ज उघडल्या. घेतला तेव्हा विंडोजची 'होम' आवृत्ती होती, आता 'प्रो'. अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये, म्हणजे विंडोजचा परवाना दाखवणाऱ्या पानावर, लिहिलेलं की हे विंडोज तुमच्या संस्थेच्या सेवेतून चालू आहे. आडतीला कुठली आलीय संस्था? मोठ्या कंपन्यांसाठी असलेली ही सोय खोटा सर्व्हर दाखवून वापरतात. एका वेळी 180 दिवसांची मुदत मिळते. वर एक फोल्डर तपासू नको असं डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसला, सांगून ठेवलेलं. याच मशीनवरून आम्ही बँकेचे व्यवहार करतो!

विंडोजसकट आलेल्या कंपनीच्या लॅपटॉपची 'की', म्हणजे परवान्याचा नंबर, विंडोज 8 पासून मदरबोर्डवरच भरलेली असते. म्हणजे आमची की आमच्याच लॅपटॉपात होती. भाच्यानं मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (पेनड्राइव्हवर विंडोज भरून देणारं) घेतलं, 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून 'होम' टाकलं. की विचारलीसुद्धा नाही. नेट जोडताच अ‍ॅक्टिव्हेट. पेनड्राइव्ह सोडला तर खर्च शून्य.

डीव्हीडी परत द्यायला गेलो तर मालक म्हणाला, "मशीन चालू झालं ना काका? मग झालं की." बिल कोऱ्या चिठ्ठीवर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. तुमचं मशीन दुरुस्तीला टाकायचं असेल तर ते नीट चालू असतानाच अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि परत घेताना तेच पान दुकानातच उघडायला लावा.