‘पॉपअप पेनल्टी काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे तपासा

‘तुमच्या साइटला गूगलची पॉपअप पेनल्टी लागली आहे, दोन दिवसांत पैसे भरलेत तर काढून देतो.’ असा फोन आला किंवा व्हॉट्सॲपवर गूगलचं चिन्ह असलेलं पीडीएफ आलं, तर एक रुपयाही पाठवू नका. पानावर आडवा येणारा पॉपअप असल्यामुळे गूगलच्या शोधातला साइटचा क्रमांक खाली जाऊ शकतो, हे खरं आहे. पण ते काम गूगलची यंत्रणा आपोआप करते. त्यासाठी पत्र येत नाही, दंड नसतो आणि तो ‘काढून’ देण्याची फीसुद्धा नसते. पॉपअप काढला आणि गूगलने ते पान पुन्हा वाचलं, की विषय मिटला.

बऱ्याचदा ही पेनल्टी विकणारा आणि आधी पॉपअप बसवणारा माणूस एकच असतो, म्हणून हे सविस्तर लिहावं लागतंय.

देवगडचा हापूस थेट विकणारा बागायतदार घ्या. हंगामाच्या तोंडावर साइट सांभाळणारा एजन्सीवाला सांगतो, ‘लोक साइटवर येतात पण नंबर देत नाहीत. आपण एक फिरतं चाक टाकू. बसवायचे पैसे नाहीत.’ मग फोनचा पूर्ण पडदा व्यापणारं चाक येतं. ‘फिरवा आणि सूट मिळवा’, खाली नाव आणि मोबाइल नंबर. बंद करायची फुली करड्या रंगावर करडी, बोटाला न सापडणारी. पेटीचा भाव बघायला आलेलं गिऱ्हाईक दोनदा चुकीच्या जागी दाबतं आणि मागे जाऊन दुसऱ्या बागायतदाराची साइट उघडतं.

मालकाला यातलं काही दिसत नाही, आणि खरी लबाडी इथेच आहे. कोडमध्ये अट टाकलेली असते: पाहुणा फोनवरून आलेला असावा, गूगलमधून आलेला असावा, लॉगिन केलेला नसावा आणि पहिल्यांदाच आलेला असावा. मालक लॅपटॉपवर पत्ता टाइप करून लॉगिन झालेला असतो. त्याला साइट स्वच्छ दिसते.

नंबरांचंही तेच. चाकावर भरलेला फॉर्म पुष्कळदा तुमच्या साइटवर न जाता बसवणाऱ्याच्या सर्व्हरवर जातो. तो तीच यादी आणखी चार विक्रेत्यांना देऊ शकतो, आणि तुम्हाला कळायला मार्ग नसतो. हे बघायचं असेल तर लॅपटॉपवर क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी (जुनं लॉगिन आणि इतिहास न वापरणारी) उघडा, एफ१२ दाबून मोबाइलचं दृश्य निवडा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा, गूगलमधून साइटवर जा, खोटा नंबर भरून फॉर्म पाठवा आणि ती माहिती कोणत्या डोमेनकडे गेली ते वाचा. तुमचं डोमेन नसेल आणि तुम्ही स्वतः घेतलेल्या कुठल्या सेवेचंही नसेल, तर जाब विचारा.

आता क्रमांकाबद्दल. गूगलने २३ ऑगस्ट २०१६ ला जाहीर केलं आणि १० जानेवारी २०१७ पासून लागू केलं, की शोधातून मोबाइलवर आलेल्या माणसाला मजकूर सहज मिळत नसेल तर ते पान वर येण्याची शक्यता कमी होईल. पान उघडताच किंवा वाचता वाचता मुख्य मजकूर झाकणारा पॉपअप, आणि बंद केल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा पडदा, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यामुळे ‘पाच सेकंदांनी दाखवू, म्हणजे गूगलला चालतं’ हा दावा खोटा आहे. कायद्याने लागणारी कुकीची सूचना, वयाची खात्री, खासगी पानाचं लॉगिन आणि थोडीच जागा घेणारी, सहज बंद होणारी पट्टी यांना मात्र सूट होती.

पण हा शेकडो निकषांपैकी एकच निकष आहे, हेही गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. मजकूर उत्तम असेल तर पॉपअप असूनही पान वर राहू शकतं. म्हणून ‘सगळी घसरण पॉपअपमुळेच झाली’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. फरक पडतो तो दहा साइट सारख्याच ताकदीच्या असतात तिथे.

दुसरा मार वेगाच्या बाजूने बसतो. गूगल क्रोम वापरणाऱ्यांच्या फोनवरून तीन मोजमापं घेतं: पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा आणि मजकुराच्या उड्यांचा आकडा ०.१ च्या आत राहावा. उशिरा येणारं चाकाचं मोठं चित्र पहिलं मोजमाप बिघडवतं, फुली दाबल्यावर अडकणारी स्क्रिप्ट दुसरं, आणि वरून घुसून मजकूर खाली ढकलणारी पट्टी तिसरं. हे आकडे २८ दिवसांचे मिळून धरतात. एप्रिलच्या सुरुवातीला पॉपअप काढला तरी सर्च कन्सोलमधला (साइटमालकांसाठी गूगलचं फुकट साधन) अहवाल पूर्ण सुधारायला महिना संपतो, आणि आंब्याच्या धंद्यात महिना म्हणजे हंगामाचा मोठा तुकडा. साइट लहान असेल तर ‘पुरेसा डेटा नाही’ असं दिसेल. त्याला घाबरू नका.

खात्री अशी करून घ्या. दुसऱ्याचा फोन घ्या, वायफाय बंद करून इन्कॉग्निटो उघडा, गूगलवर आपला माल शोधा आणि निकालातून साइटवर जा. थेट पत्ता टाइप केलात तर अटीत बसणार नाही आणि पॉपअप लपून राहील. मग सर्च कन्सोलमध्ये ‘यूआरएल तपासणी’, ‘थेट चाचणी’ आणि शेवटी स्क्रीनशॉट बघा. तिथे चाक दिसलं तर गूगललाही तेच दिसतंय. नाही दिसलं तर निर्धास्त होऊ नका, कारण गूगलचा बॉट (पानं आपोआप वाचणारा प्रोग्राम) शोधनिकालावर क्लिक करून येत नाही, त्यामुळे ‘गूगलमधून आलेला’ ही अट त्याला लागूच होत नाही. बॉटला एक आणि माणसाला दुसरं मुद्दाम दाखवणं नियमाबाहेर आहे, आणि ते पकडलं गेलं तर मात्र खरी कारवाई होते.

ती खरी कारवाई सर्च कन्सोलमधल्या ‘सुरक्षा आणि मॅन्युअल कारवाई’ या विभागात लिहून येते. तिथे ‘कोणतीही समस्या आढळली नाही’ असं असेल, तर हातात आलेलं पेनल्टीचं पत्र बनावट आहे. समस्या असेल तर दुरुस्तीनंतर पुनर्विचाराचा अर्ज तिथूनच करता येतो, तोही फुकट. सोबत ‘कामगिरी’ अहवालात मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे करून बघा. दोन्ही एकदम पडले असतील तर कारण बहुधा पॉपअप नाही.

सापडल्यावर लगेच पुसू नका. आधी पडद्याचं रेकॉर्डिंग, साइटचा बॅकअप आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. वर्डप्रेस असेल तर प्लगइनच्या यादीवर थांबू नका. ‘एमयू-प्लगइन्स’ फोल्डर (यातले प्लगइन आपोआप चालू असतात), थीमची हेडर आणि फंक्शन्स फाइल, आणि गूगल टॅग मॅनेजरचं (साइटवर बाहेरून कोड लावायचं साधन, म्हणजेच जीटीएम) खातं उघडा. पानात असलेला ‘जीटीएम’ क्रमांक तुमच्या खात्याचा नसेल, तर बाहेरचा माणूस तुम्हाला न विचारता काहीही लावू शकतो. काढून झालं की कॅशे (साइटच्या साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा आणि मुख्य पानांसाठी सर्च कन्सोलमधून पुन्हा इंडेक्स करण्याची, म्हणजे गूगलने ती पुन्हा वाचून नोंदवण्याची, विनंती पाठवा.

बनावट पत्रावर पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवता येते, म्हणून तासांचा फरक पडतो.

एजन्सीकडे असलेले पासवर्ड बदलताना सर्च कन्सोलकडे विशेष लक्ष द्या. ‘वापरकर्ते आणि परवानग्या’मधून एजन्सीचं नाव काढलं तरी मालकी सिद्ध करणारी त्यांची एचटीएमएल फाइल किंवा मेटा टॅग साइटवर राहिला, तर ते पुन्हा मालक होऊ शकतात. ती फाइल आणि तो टॅगही शोधून काढा. डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.