बटरनट, कबोचा की डेलिकाटा? परसबागेसाठी विंटर स्क्वॉश निवडताना

विंटर स्क्वॉश, म्हणजे पूर्ण पिकवून साठवायचा भोपळा, लावायचा विचार पक्का झाला की बियांच्या पाकिटांपाशी घोडं अडतं. पाकिटावर फळाचा देखणा फोटो असतो आणि निवड बहुतेक वेळा त्या फोटोवरच होते. पण वेल किती पसरणार, किती दिवस जागा अडवणार, कोणती कीड लागणार आणि फळ किती महिने टिकणार, हे बऱ्याच अंशी ठरतं ते प्रजातीवरून. म्हणून पाकीट उलटं करा आणि शास्त्रीय नाव आधी वाचा. घरच्या बागेतले जवळजवळ सगळे विंटर स्क्वॉश तीन प्रजातींत बसतात. बटरनट कुकुर्बिटा मोशाटा. कबोचा, बटरकप, रेड कुरी, हबर्ड हे कुकुर्बिटा मॅक्झिमा. एकॉर्न, डेलिकाटा आणि स्पॅगेटी हे कुकुर्बिटा पेपो.

तिघांनाही दिवसभर ऊन, भरपूर कुजलेलं खत आणि उबदार माती लागते. माती १८ अंशांच्या खाली असताना बी टोकण्यात अर्थ नाही. उगवण रेंगाळते आणि बी कुजतं. इथपर्यंत तिघं सारखे, पुढे वाटा वेगळ्या होतात.

आधी दिवस मोजा

तुमच्याकडे थंडीच्या दोन टोकांमध्ये उबदार दिवस किती, हा पहिला प्रश्न. एकॉर्न आणि डेलिकाटा बी टोकल्यापासून साधारण ८० ते १०० दिवसांत तयार होतात. कबोचा, रेड कुरी ८५ ते १०५ दिवस घेतात, मोठा हबर्ड त्याहून जास्त. बटरनटला १०० ते १२० दिवस हवेत, आणि तेही खरोखर उबदार. मोशाटा मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण, दमट सखल भागातली, त्यामुळे उकाड्यात ती जोमाने वाढते आणि रात्री गार पडायला लागल्या की मंदावते. मॅक्झिमा दक्षिण अमेरिकेतली. तिला जरा सौम्य हवा चालते, उलट कडक उन्हाळ्यात फळं कमी धरतात.

त्यामुळे उबदार हंगाम छोटा असेल तर बटरनटचा हट्ट धरू नये. शेवटी हिरव्या रेघा असलेली कच्ची फळं हातात राहतात. ती ना गोड होतात, ना टिकतात. तिथे कबोचाच लावावा, आणि तो दुय्यम पर्याय समजून नव्हे. चवीत माझ्या मते तो तिघांत सरस आहे.

जागा

लहान वाफा असेल तर उत्तर जवळपास ठरलेलं आहे: डेलिकाटाचा किंवा एकॉर्नचा झुडपी वाण. एक-सव्वा मीटरच्या चौकोनात झाड मावतं आणि चार-पाच लहान फळं देतं. बटरनटचा वेल तीन मीटर सहज जातो, पण फळ साधारण एक-दीड किलोचं असल्याने तो मजबूत मांडवावर चढवता येतो; फळाला कापडाची झोळी बांधली की वेलावर ताण येत नाही. कबोचाही असा चढवता येतो. हबर्डचं फळ मात्र पाच-सहा किलोंच्या पुढे जाऊ शकतं. ते जमिनीवरच ठेवावं लागतं, आणि एकदा चिरलं की एवढा गर संपवायचा कसा, हा प्रश्न उरतो. लहान कुटुंबाने हबर्ड लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कीड आणि रोग

इथे बटरनट ठळकपणे पुढे आहे. त्याचं खोड आडवं कापून पाहिलं तर आत जवळजवळ भरीव आणि चिवट दिसतं. पेपो आणि मॅक्झिमाचं खोड तुलनेने मऊ आणि पोकळ. खोड पोखरणारी अळी जिथे आहे तिथे हा फरक निर्णायक ठरतो: पेपो-मॅक्झिमाचा भरात आलेला वेल दोन-तीन दिवसांत माना टाकतो आणि बुंध्याशी भुश्शासारखी विष्ठा दिसते, शेजारचा बटरनट बहुतेक वेळा तगून राहतो. काकडीवर्गीय पिकांवरच्या भुंग्यांना तर मॅक्झिमा इतकी आवडते की काही शेतकरी मुख्य पिकाच्या कडेने ब्लू हबर्ड मुद्दाम सापळा म्हणून लावतात.

तरीही कबोचाच हवा असेल तर एक उपाय जरूर करा. वेल जमिनीवर सरकत जाताना दर थोड्या अंतरावर एखाद्या पेरावर ओलसर माती ओढून ठेवा. तिथे नवी मुळं फुटतात, आणि बुंध्याला इजा झाली तरी पुढचा वेल त्या मुळांवर जगतो. बटरनटलाही अशी मुळं फुटतात, झुडपी एकॉर्नला हा आधार मिळत नाही. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, तिन्हींवर येते. भुरीला तोंड देणारे वाण मिळत असतील तर तेच घ्यावेत.

फळं धरत नाहीत ही तक्रार मात्र कुठल्याच एका प्रजातीची नाही. सुरुवातीला येणारी फुलं बहुतेक नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या खाली इवलंसं फळ असतं, त्यावरून ते ओळखू येतं. मधमाश्या कमी असतील तर सकाळी लवकर, फुलं उमललेली असतानाच, नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागांनी माखलेला दांडा मादी फुलातल्या सगळ्या भागांवर नीट फिरवावा. दुपारपर्यंत फुलं मिटतात.

तोडणी आणि साठवण

बहुतेकांची फसगत होते ती एकॉर्नमध्ये. फळ धरल्यावर दोन-तीन आठवड्यांतच ते पूर्ण आकाराचं आणि गर्द हिरवं होतं, त्यामुळे तयार झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात गोडी भरायला फळ धरल्यापासून सात आठवडे लागतात. फळ उलटून जमिनीला टेकलेला डाग बघा. तो फिकट पिवळा असेल तर थांबा, गडद नारिंगी झाला की तोडा. बटरनट याबाबत सोपा: हिरव्या रेघा जाऊन साल एकसारखी बदामी झाली आणि नख रुतेनासं झालं की तयार. कबोचाचा देठ बघावा. तो सुकून बुचासारखा होतो, त्यावर उभ्या भेगा पडतात. कोणतंही फळ थोडा देठ ठेवूनच कापावं, कारण देठ मोडला की त्या जागेतून कुजायला सुरुवात होते.

बटरनट आणि कबोचा तोडल्यावर दहा-बारा दिवस २५ ते ३० अंशांच्या उबेत, हवेशीर जागी पसरून ठेवतात, म्हणजे साल पक्की होते. एकॉर्नला ही ऊब नको. उलट त्याने त्याचं आयुष्य घटतं. पुढची साठवण सगळ्यांची १० ते १३ अंशांत, कोरड्या जागी. फ्रिजची थंडी अख्ख्या फळाला बाधते. पेपो एक ते तीन महिने टिकतात. कबोचा तीन-चार महिने, चांगला पिकलेला बटरनट सहापर्यंतही जातो.

चव कधी घ्यायची हेही वेगळं आहे. डेलिकाटा पूर्ण पिकवून तोडला तर लगेच खाता येतो, आणि सालीसकट. कबोचा तोडल्यावर निदान दोन-तीन आठवडे थांबावं. त्या काळात पिष्टाची साखर होते आणि कोरडा, पिठूळ गर गोड होतो. बटरनट तर महिना-दोन महिन्यांनी जास्त रंगतो. त्याचा गर रसदार, रेषा कमी, बियांची पोकळी लहान, आणि साल सोलाण्याने निघते. कबोचा चिरताना मात्र जड सुरी आणि सावधपणा हवा. स्पॅगेटीचा गोडीशी फारसा संबंध नाही. शिजवल्यावर सुटणारे दोरे आवडत असतील तरच तो लावा.

मी काय निवडलं असतं

उबदार दिवस ११० किंवा जास्त, आणि एकाच वेलाला जागा: बटरनट. वॉल्थम बटरनट या वाणाला १९७० साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा, म्हणजे वाणांची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, मान मिळाला होता. तो संकरित नाही, त्यामुळे त्याचं बीही ठेवता येतं. दिवस कमी: कबोचा किंवा रेड कुरी. फक्त वाफा: डेलिकाटा. दोन वेलांची सोय असेल तर डेलिकाटा आणि बटरनट, म्हणजे पहिला आधी खाऊन होतो आणि तोवर दुसरा मुरतो.

बी धरण्याचा विचार असेल तर या जोडीचा आणखी एक फायदा आहे. वेगवेगळ्या प्रजातींचा आपसात संकर सहसा होत नाही, त्यामुळे जवळपास दुसरी मोशाटा नसेल तर बटरनटचं बी शुद्ध राहतं. पेपोचं तसं नाही. झुकिनी आणि शोभेचे लहान भोपळेही बहुतेक पेपोच. शेजारच्या बागेतून त्यांचे पराग आले तर या वर्षीचं फळ बिघडत नाही, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी काय येईल सांगता येत नाही. शोभेच्या भोपळ्यांतली कुकुर्बिटासिन ही कडू, विषारी द्रव्यं पुढच्या वर्षीच्या त्या फळांत उतरू शकतात. म्हणून पेपोचं बी दर वेळी विकतचं घ्यावं. आपोआप उगवलेल्या वेलाचं फळ असेल तर चिरल्यावर कच्च्या गराचा कण जिभेवर ठेवून पाहावा, आणि कडू लागला तर थुंकून ते फळ टाकून द्यावं. शिजवल्याने ते विष जात नाही.