‘कोचिंग बॉइज इनटू मेन’ कार्डसंच: चांगला आहे, पण सर कसे आहेत त्यावर सगळं

अमेरिकेतल्या ‘फ्युचर्स विदाउट व्हायोलन्स’ या संस्थेचा हा संच शाळा-क्लबच्या कोचसाठी आहे आणि फुकट मिळतो. खेळाडू मुलांना मुलींशी आदराने वागायला शिकवणं, हा त्याचा हेतू. आठवड्याला एक कार्ड, सरावाआधी साधारण 15 मिनिटं, असा सीझनभर चालतो. शिवराळ भाषा, मुलींबद्दलच्या फुशारक्या, मोबाइलवरचा त्रास, संमती असे विषय ओळीने येतात. मुंबईत शालेय क्रिकेटच्या कोचना घेऊन ‘परिवर्तन’ नावाने याचं इथलं रूप राबवलं गेलं आहे.

निवड हुशारीची आहे. ज्याच्या हातात प्लेइंग इलेव्हन, त्याचं म्हणणं पोरं मनावर घेतात. पण ‘बांगड्या भरल्यास का?’ असं नेटमध्ये ओरडणाऱ्या सरांनी हे कार्ड हातात धरलं की पोरं गालातल्या गालात हसतात. म्हणून आधी सरांच्या तोंडाला आवर. कार्ड नोटिशीसारखं वाचून दाखवू नये, आणि त्यातली अमेरिकन उदाहरणं बदलून क्रिकेट-कबड्डीची घ्यावीत.

कोणी मुलीवर शेरा मारला तर मध्ये पडायचं कसं, हा भाग संचात बोलण्यावरच फार रेटला आहे. त्याचा कॅचिंगसारखा सराव लागतो. तिघांचे गट करा: एकाने शेरा मारायचा (खऱ्या मुलीचं नाव घ्यायचं नाही), दुसऱ्याने हसायचं, तिसऱ्याने त्याला अडवायचं. दोन मिनिटांनी जागा बदला. वाक्य छोटंच हवं: ‘बस कर रे’, ‘यात हसण्यासारखं काय?’ भाषण ठोकणारा पोरगा दुसऱ्या दिवशी चेष्टेचा विषय होतो. सुरुवात कॅप्टन आणि सीनियर पोरांपासून करा. 13 वर्षांचा मुलगा 16 वर्षांच्या ओपनरला गप्प करू शकत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. त्याला विषय बदलणं, त्या मुलीसोबत चालत जाणं, नंतर सरांना सांगणं शिकवा. हातघाई सुरू असेल तर एकट्याने मध्ये पडायचं नाही.

परिणाम? कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या चाचणीत वर्षभरानंतर मैत्रिणीशी गैरवर्तन कमी झालेलं दिसलं, आणि मित्राच्या अशा वागण्याला हसून साथ देणंही. मुंबईत 10 ते 16 वर्षांच्या क्रिकेटपटूंमध्ये मुलींबद्दलचे विचार सुधारले. साथ देणं मात्र थोडंच घटलं. तेव्हा ‘किती जण बोलले’ यापेक्षा ‘किती जण हसायचे थांबले’ हे बघणं जास्त प्रामाणिक. टोमणा मारणाऱ्याला टाळी मिळेनाशी झाली की तोही मंदावतो.

मोबाइलचं कार्ड सगळ्यात कामाचं. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी मुलीचा फोटो टाकला, तर टाकणाऱ्याला वेगळा मेसेज: ‘काढून टाक.’ पुरावा म्हणून सरांना फॉरवर्ड करू नका, फोन दाखवा. अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे.

सगळ्यात मोठी उणीव कायद्याची. संचातला सल्ला अमेरिकेतला. आपल्याकडे 18 वर्षांखालच्या मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सरांना बंधनकारक आहे. त्यामुळे ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द पोराला देऊच नये. मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर पाठ असावा.

संचाच्या शेवटी मुलांकडून घ्यायची प्रतिज्ञा आणि सह्या वगळल्या तरी चालतील; तो वेळ मोबाइलचं कार्ड पुन्हा घ्यायला वापरा.