स्पाइस प्लस: गोव्यात बसून एआय कंपनी काढणाऱ्यांना कितपत उपयोगी?

नोकरी सोडून एआयचा धंदा उभा करू पाहणाऱ्याला कंपनी व्यवहार मंत्रालयाची स्पाइस प्लस ही ऑनलाइन नोंदणीसेवा एकंदरीत परवडते. 2020 पासून कंपनी, डिन (संचालकाचा ओळख क्रमांक), पॅन, टॅन (टीडीएस कापण्यासाठीचा क्रमांक), ईपीएफओ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआयसी (कामगार विमा) आणि बँक खातं एकाच अर्जात उरकतं. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढू शकते ती रक्कम, 15 लाखांपर्यंत असेल तर मंत्रालयाची नोंदणी फी शून्य. नावाचे 1000 रुपये, राज्याची स्टॅम्प ड्युटी आणि डिजिटल सहीचा खर्च तेवढा येतो. अर्ज तपासतात हरयाणातल्या मानेसरला, त्यामुळे पणजीतल्या कंपनी निबंधकाच्या कचेरीत खेपा घालून काही पुढे सरकत नाही. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन.

नावाची घाई नको. दोन नावं सुचवता येतात, मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवतात. आधीच्या एखाद्या कंपनीच्या नावापुढे ‘गोवा’ चिकटवलं तर ते वेगळं धरत नाहीत. अनेकवचन किंवा स्पेलिंगची मोडतोडही चालत नाही. ट्रेडमार्कच्या 9 आणि 42 या सॉफ्टवेअरशी संबंधित वर्गांत आधी शोधून घ्या.

गोव्यात घोडं अडतं ते पत्त्यापाशी. घराचा पत्ता चालतो, पण दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. इथे जुन्या घराचं बिल आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच गेलेले, इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातली वाटणी) झालेली नाही आणि हिस्सेदार मुंबईपासून लिस्बनपर्यंत पांगलेले. बिल मयताचं आणि सही नातवाची, हे कागदावर जुळत नाही. वीज खात्यात नाव बदलून घ्या, नाहीतर को-वर्किंगचा पत्ता घ्या. तिथेही भाडेकरार, मालकाचं ना-हरकत पत्र आणि त्याच मालकाच्या नावाचं बिल, हे तिन्ही कागद हातात पडेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. अगदीच अडलं तर आधी पत्रव्यवहाराचा पत्ता देऊन कार्यालयाचा पत्ता आयएनसी-22 या फॉर्मने 30 दिवसांत कळवता येतो. आडनावंही तपासा: आधारवर नाईक, परब नव्या स्पेलिंगात आणि पॅनवर पोर्तुगीज काळातल्या, असं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या.

राजीनामा मंजूर होईपर्यंत अर्ज भरू नये. संचालकांची नावं मंत्रालयाच्या साइटवर कुणालाही दिसतात, एचआरलासुद्धा. नोकरीच्या करारात बौद्धिक संपदेचं कलम असेल तर त्या काळात लिहिलेल्या कोडवर जुनी कंपनी हक्क सांगू शकते. आणि एआय कंपनीकडे कोड नि डेटा सोडून असतं तरी काय?

जीएसटी अर्जात ऐच्छिक आहे. सेवांसाठी 20 लाखांची मर्यादा पाहून बरेच जण तो सोडून देतात, पण एआयवाल्यांनी इथे थांबावं. परदेशी कंपनीकडून धंद्यासाठी घेतलेली एपीआय (दुसऱ्याचं एआय मॉडेल आपल्या कोडमधून वापरणं) किंवा जीपीयू (मॉडेल चालवायला भाड्याची संगणकशक्ती) सेवा ही आयात ठरते आणि तिच्यावर 18 टक्के कर लागतो. नोंदणी असेल तर तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, आपणच भरायचा असतो; नोंदणी नसेल तर 2023 पासून अशा ऑनलाइन सेवेचा कर परदेशी कंपनीच बिलात लावते. नोंदणी घेतली की धंदा शून्य असला तरी रिटर्न भरायचंच. उशीर झाला तर शून्य रिटर्नलाही दिवसाला 20 रुपये लागतात.

प्रमाणपत्र हाती आलं की सुटलो असं वाटतं, तिथेच तारखा चुकतात. पहिला लेखापरीक्षक 30 दिवसांत नेमायचा. भागधारकांनी भांडवल खात्यात भरून 180 दिवसांत आयएनसी-20ए हा धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा फॉर्म द्यायचा. तो दिल्याशिवाय धंदा सुरू करायचा नाही, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावे बिलही फाडायचं नाही. मुदत हुकली तर कंपनीला 50,000 रुपयांपर्यंत दंड, संचालकांना वेगळा. शिवाय उलाढाल असो वा नसो, ऑडिट दरवर्षी.

गुंतवणूकदार आणायचा असेल तर एवढं सगळं सोसावं. दोघांनी मिळून कळंगुटच्या हॉटेलांना चॅटबॉट बनवून द्यायचे, एवढाच बेत असेल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) पुरे. तिला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि 25 लाखांच्या भांडवलापर्यंत ऑडिटची सक्ती नाही. मात्र तिची नोंदणी स्पाइस प्लसमधून होत नाही, फिलिप नावाचा वेगळा अर्ज आहे.